‘आज नको’ म्हणण्याचा इतिहास

मी छोटं विमान चालवतो हे कळलं की भारतातून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "किती खर्च येतो रे?" आणि दुसरा, "भीती नाही वाटत?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. विमान माझं नाही, तासावर भाड्याने घेतो. गाडी बदलायचं दर वर्षी पुढे ढकललं की भागतं. दुसऱ्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडं चित्र स्पष्ट करतो. मी चालवतो ते सेस्ना १७२. चार माणसांचं, एका इंजिनाचं विमान. १९५६ पासून विकलं जातंय आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. विमानांच्या जगातली ही बजाज स्कूटर म्हणा ना! उडण्याआधी पंखातल्या टाकीत काठी बुडवून पेट्रोल किती आहे ते बघायचं, तळातून थोडं पेट्रोल एका पारदर्शक नळीत काढून त्यात पाणी तर नाही ना ते तपासायचं, तेल बघायचं, यादीतली एकेक ओळ वाचत सगळी बटणं नि खटके तपासायचे. मग तासभर उडून दुसऱ्या एखाद्या छोट्या विमानतळावर उतरायचं, तिथल्या उपाहारगृहात खायचं आणि परत यायचं. इथले वैमानिक याला ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात. माझ्यासारख्या शाकाहारी माणसाच्या नशिबी शंभर डॉलरचं चीज सँडविच येतं. असो.

पण या छंदातला मोठा भाग जमिनीवरच घडतो. सकाळी उठून हवामानाचे आकडे वाचायचे: ढगांचा तळ किती फुटांवर, दृष्टी किती मैल, वारा कुठून. आणि मग ठरवायचं, जायचं की नाही. माझ्या परवान्यावर ढगात शिरायची मुभा नाही. मध्य पेनसिल्व्हेनियात, जिथे मी पीएचडीसाठी आलो आणि पुढे नोकरीही धरली, तिथे वर्षातल्या कितीतरी सकाळी उत्तर ‘आज नको’ असंच येतं. हे दोन शब्द उच्चारण्याचा अधिकार वैमानिकाला आहे, हे आज इतकं गृहीत धरलं जातं की त्यालाही इतिहास असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा माझ्या घराच्या आसपास घडला आहे. आमच्याकडचे डोंगर म्हणजे अ‍ॅलेगेनी. उंची फार नाही, पण एकामागे एक समांतर रांगा, मधूनमधून नदीने कापलेल्या खिंडी, आणि खिंडीत अडकलेले ढग. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. माझ्या गावापासून जवळच बेलफाँट नावाचं टुमदार गाव आहे. अमेरिकन टपाल खात्याने न्यूयॉर्क ते क्लीव्हलंड विमानाने टपाल न्यायचं ठरवलं, तेव्हा मधला थांबा म्हणून हे गाव निवडलं. वैमानिकांनी या डोंगरांवरच्या टप्प्याला नाव दिलं, ‘नरकाचा पट्टा’.

या हवाई टपालाची सुरुवात १५ मे १९१८ रोजी वॉशिंग्टनहून झाली. खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सन हजर. विमान काही केल्या सुरू होईना. मग लक्षात आलं, टाकीत पेट्रोलच नाही! (टाकीत काठी बुडवायची सवय अजून लागायची होती.) शेवटी लेफ्टनंट जॉर्ज बॉइल उडाले. उत्तरेला फिलाडेल्फियाला जायचं होतं, पण ते चुकीचा रेल्वेमार्ग धरून दक्षिणेला गेले आणि मेरिलंडमधल्या एका शेतात विमान उलथलं. टपाल शेवटी जमिनीवरून गेलं.

हसू येतं खरं, पण त्या लोकांकडे काय होतं ते बघा. होकायंत्र, उंची दाखवणारं एक यंत्र, आणि खाली दिसणारे रूळ. रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज म्हणजे पुढच्या गावाला फोन करून "तिकडे कसं आहे?" असं विचारणं. आणि ढगात शिरलं तर विमान सरळ आहे की वळतंय हे सांगणारं भरवशाचं काहीच नाही.

हे शेवटचं जरा समजावून सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. आपला तोल सांभाळतात कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. वळण सुरू झालं किंवा थांबलं हे त्यांना कळतं. पण वळण संथ आणि एकसारखं असेल तर काही सेकंदांत नलिकांतला द्रव स्थिरावतो, आणि मेंदूला वाटतं, आपण सरळच चाललोय. जमिनीवर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांना पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. विमान कलत जातं, नाक खाली जातं, वेग वाढतो. घाबरून नाक वर ओढलं की वळण आणखी आवळतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसू नये अशी व्यवस्था करून (सोबत प्रशिक्षक ठेवून, अर्थात) विमान चालवायला दिलं. एकालाही ते सांभाळता आलं नाही. ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

आता १९१९ चा जुलै महिना. हवाई टपालाचा कारभार ऑटो प्रेगर या अधिकाऱ्याकडे होता. संसदेकडून पैसे मिळवायचे तर टपाल रेल्वेसारखं वेळेवर गेलं पाहिजे, या विचाराने ते पछाडलेले होते. आपल्या खुर्चीच्या जागी त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. पण ती खुर्ची वॉशिंग्टनमध्ये होती. त्याच महिन्यात बेलफाँटजवळ चार्ल्स लॅम्बर्न हा वैमानिक विमान कोसळून मेला. पुढच्या काही दिवसांतच न्यूयॉर्कजवळच्या बेल्माँट पार्कवर दाट धुकं होतं. उडायचा हुकूम आला. लिओन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या दोघांनी सांगितलं, आज नको. प्रेगर यांनी दोघांना नोकरीवरून काढून टाकलं.

आणि मग अघटित घडलं. बाकीचे वैमानिक संपावर गेले. पगारवाढ हा त्यांचा मुद्दा नव्हता. धुक्यात उडायचं की नाही हे वॉशिंग्टनमधल्या माणसाने ठरवू नये, एवढंच म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि काही दिवसांत तडजोड झाली. लीला परत घेतलं, स्मिथला घेतलं नाही. हवामानाचा निर्णय त्या-त्या विमानतळाच्या व्यवस्थापकाकडे आला, आणि त्यात एक झकास कलम होतं: वैमानिक ‘नको’ म्हणाला आणि व्यवस्थापकाला ते पटलं नाही, तर व्यवस्थापकाने आधी स्वतः वर जाऊन बघायचं. त्याला विमान चालवता येत नसेल तर टपालाच्या कप्प्यात बसून जायचं! सुरक्षेवरचे जाडजूड अहवाल मी नोकरीत बरेच वाचतो, पण इतकं नेमकं कलम क्वचितच पाहिलंय. निर्णय घेणाऱ्याचा जीव निर्णयाला बांधला की निर्णय आपोआप सुधारतो.

तरी मरणं थांबली नाहीत. टपाल खातं स्वतः विमानं चालवत होतं त्या १९१८ ते १९२७ या काळात तीसहून जास्त वैमानिक गेले. पण आपण लक्षात ठेवतो ते ‘हो’ म्हणणारे. फेब्रुवारी १९२१ मध्ये टपाल रात्रीही नेता येतं हे सिद्ध करायला दोन्ही किनाऱ्यांहून विमानं निघाली. पूर्वेकडे निघालेल्यांपैकी एक वैमानिक नेवाडात कोसळून मेला. जॅक नाइट नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला पोचले, तर पुढचा वैमानिक आलेलाच नाही. कधी न उडलेल्या मार्गावर, अंधारात, बर्फात ते तसेच शिकागोपर्यंत गेले. खाली लोकांनी वाट दाखवायला शेकोट्या पेटवल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क ३३ तास २० मिनिटांत टपाल पोचलं, नाइट देशाचे हिरो झाले आणि संसदेने पैसे दिले. त्याच रात्री पश्चिमेकडे जाणारं टपाल शिकागोत थांबलं होतं, कारण हवा वाईट होती. तिथे थांबण्याचा निर्णय बरोबर होता. पण त्याची कथा कोण सांगतो? थांबण्याला पुतळा नसतो.

त्या पैशांतून मात्र जे उभं राहिलं ते मला शेकोट्यांपेक्षा मोठं वाटतं. १९२३-२४ मध्ये शिकागो ते शायेन मार्गावर साधारण दहा-दहा मैलांवर फिरत्या दिव्यांचे मनोरे उभे राहिले आणि मधूनमधून आणीबाणीत उतरायची मैदानं आखली गेली. १ जुलै १९२४ पासून रात्रीचं टपाल नियमित सुरू झालं. दिवे वाट दाखवायला होते हे खरंच. पण मधल्या मैदानांमुळे वैमानिकाला अर्ध्या वाटेतही ‘आज नको’ म्हणून खाली उतरता येऊ लागलं. याच खटपटीतून पुढच्या सोयी आल्या. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त उपकरणांकडे बघत, उड्डाण करून विमान परत उतरवलं. एल्‍रे जेपसन नावाचे टपाल वैमानिक डोंगरांची उंची, मैदानांची लांबी, शेतकऱ्यांचे फोन नंबर एका वहीत टिपत असत. सहकाऱ्यांनी ती मागून मागून इतकी वापरली की १९३४ मध्ये त्याचा धंदाच झाला. आज जगभरचे वैमानिक जेपसनचे नकाशे वापरतात.

माझ्या साध्या रविवारच्या उड्डाणात हे सगळं हजर असतं. परवान्यासाठी शिकताना डोक्यावर झडप लावून तीन तास फक्त उपकरणांवर उडावं लागतं, ते डूलिटलचं देणं. रात्री एखाद्या सुनसान धावपट्टीजवळ आलं की रेडिओचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबायचं. खाली माणूस नसला तरी दिवे पूर्ण तेजाने लागतात. दर वेळी मला शेकोटीच आठवते. आणि नियमांच्या पुस्तकात एक छोटं वाक्य आहे, ज्याचा मथितार्थ असा की विमानाबाबत अंतिम निर्णय वैमानिकाचा. एअर इंडियाच्या वैमानिकाला तो लागू असतो आणि चीज सँडविच खायला निघालेल्या मलाही.

मग गोष्ट इथे सुखाने संपायला हवी. पण संपत नाही, कारण आता प्रेगर आपल्या डोक्यात येऊन बसलाय. १६ जुलै १९९९ च्या संध्याकाळी जॉन केनेडी (धाकटे) पत्नी आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून निघाले. चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं होतं, निघायला उशीर झाला होता. नियमाने पाहिलं तर हवा उडण्याजोगी होती. पण समुद्रावर अंधार आणि धूसरपणा असा, की क्षितिज दिसेना. कानातल्या त्या तीन नलिकांनी दगा दिला. तिघंही गेले. त्यांना उडायचा हुकूम कुणी दिला नव्हता. इथले वैमानिक या रोगाला ‘गेट-देअर-आयटिस’ म्हणतात, म्हणजे पोचायचंच हा ताप.

हा ताप कसा चढतो हे मला ठाऊक आहे. एकदा न्यू जर्सीहून मित्र सहकुटुंब आला होता. त्याच्या दोन मुलांना विमानातून फिरवायचं महिनाभर आधी कबूल केलं होतं. सकाळी डोंगरावर ढग टेकलेले. मुलं बूट घालून दारात उभी. मी ‘आज नको’ म्हणालो आणि धाकटीने जो चेहरा केला, त्यापुढे ऑटो प्रेगरची तार काहीच नाही! आम्ही मग बटाटेवडे केले. दुपारी ढग उघडले आणि लख्ख ऊन पडलं, हेही सांगून टाकतो. ‘नको’ बरोबर होतं की नाही, याचा पुरावा सहसा कधीच मिळत नाही. म्हणून तर ते म्हणणं जड जातं.

आपल्याकडेही हवाई वाहतुकीची सुरुवात टपालानेच झाली. १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ या चिमुकल्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. तेव्हा टाटांनी काय केलं? पावसाळ्यापुरता सगळा मुक्काम पुण्याला हलवला. १९३३-३४ च्या सरकारी अहवालात या सेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाचं कौतुक आहे, तेही सह्याद्रीवरच्या पावसासकट. ते वाचताना मला अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो. पण पुण्याला हललेला तो मुक्काम मला जास्त आवडतो. जुहूच्या चिखलाला त्यांनी सरळ ‘आता नको’ म्हटलं, आणि तरी टपाल पोचवलं.

तर, भीती वाटते का? वाटते. बेताची वाटते, आणि ती तशीच राहावी अशी माझी इच्छा आहे. लिओन स्मिथने जे दोन शब्द म्हणण्यासाठी नोकरी गमावली, ते मला फुकट म्हणता येतात. फार तर एका लहान मुलीचा रुसवा सोसावा लागतो.