आंबा व सीतेची वेणी : तुलना

आंबा हा फळवृक्ष आणि सीतेची वेणी ही वृक्षवासी अमरी (ऑर्किड) कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात पुष्कळदा एकत्र आढळतात. जुन्या रायवळ आंब्याच्या खरबरीत सालीवर, विशेषतः जाड फांद्यांच्या बेचक्यांत, ही अमरी चांगली रुजते. दोघांना पाऊस आणि हवा एकच मिळत असली, तरी त्यांचे पोषण, फुलण्याचा काळ आणि बी यांत टोकाचा फरक आहे. आंबा जमिनीतून भरपूर घेतो आणि साठवून ठेवतो. अमरी पाऊस, दव, धूळ व सालीवर कुजलेला पाला यांतून थोडेथोडे घेत जगते. दोघांच्या निगेतले जवळजवळ सगळे भेद यातूनच येतात.

वर्गीकरण व प्रसार : आंब्याचे शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. काजू, बिब्बा व पिस्ता यांच्याच ॲनाकार्डिएसी कुलातला हा द्विदलिकित वृक्ष आहे. सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, ही ऑर्किडेसी या एकदलिकित कुलातली आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दोन्ही वनस्पतींची शास्त्रीय नोंद केली. त्यांनी अमरीला एपिडेंड्रम प्रजातीत घातले होते. तिची सध्याची प्रजाती ब्लूमे यांनी १८२५ मध्ये स्थापन केली. ही अमरी भारत, श्रीलंका व नेपाळपासून आग्नेय आशियापर्यंत आढळते. आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ती राज्यपुष्प आहे. आसामात तिला कपौ फूल म्हणतात आणि रंगाली बिहूच्या नृत्यात स्त्रिया ते अंबाड्यात माळतात.

स्वरूप : आंबा सदाहरित असून १० ते ४० मी. उंच वाढतो आणि शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याचे खोड दरवर्षी जाड होत जाते व सोटमूळ खोल जाते. कोवळी पालवी तांबूस असते आणि पाने पुढे गर्द हिरवी होतात. साल, देठ व फळ यांत चीक असतो. सीतेच्या वेणीचे खोड आखूड असते. ते एकाच शेंड्याने वर वाढते, पण जाड होत नाही. पाने जाड, पट्ट्यासारखी, मधोमध पन्हळ असलेली आणि टोकाला दुभंगलेली असतात. फुलांचा लोंबता तुरा पानांच्या बगलेतून निघतो.

मुळे व पोषण : आंब्याची मुळे मातीतून पाणी व क्षार शोषतात. अमरीची जाड मुळे सालीला चिकटतात किंवा हवेत लोंबतात. त्यांच्यावर मृत पेशींचे रुपेरी, सच्छिद्र आवरण असते. पावसाची सर येताच ते पाणी धरते आणि खालचा हिरवा थर दिसू लागतो. ही मुळे सतत ओली राहिली तर कुजतात. भिजणे आणि लगेच वाळणे हीच त्यांची गरज असते. अशा जाड पानांच्या अनेक वृक्षवासी अमरी दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवतात आणि रात्री कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, त्यामुळे पाण्याचा ऱ्हास कमी होतो.

अमरी झाडाचा रस शोषत नाही; तिला फक्त आधार लागतो. आंब्यावरचे बांडगूळ वेगळे. लोरँथेसी कुलातली ही अर्धपरोपजीवी वनस्पती फांदीत शोषकमुळे घुसवते. ती जिथे बसते तिथे फांदीला गाठ येते आणि त्यापुढची फांदी हळूहळू वाळते. तिची चिकट बी फुलटोच्यासारखे पक्षी पसरवतात. बागेच्या साफसफाईत अमरीलाही बांडगूळ समजून खरवडून काढले जाते. सालीवर पसरलेली रुपेरी मुळे ही अमरीची खूण, तर गाठ आणि फांदीशी एकजीव झालेला बुंधा ही बांडगुळाची.

फुले व परागण : कोकणात आंब्याला मोहर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो. पावसाळ्यानंतरची कोरडी हवा आणि रात्रीची थंडी मोहर फुटण्यास पोषक असते. एका मोहरात शेकडो ते काही हजार बारीक फुले असतात. त्यांत नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असून परागण मुख्यतः माश्या व इतर कीटक करतात. यांपैकी शेकडा एकाहूनही कमी फुलांचे पक्व फळ होते. सीतेची वेणी पश्चिम घाटात मे ते जुलैच्या सुमारास, हवा दमट झाली की फुलते. तुरा सुमारे २० ते ४० सेंमी. लांब असतो आणि त्यावर शंभरापर्यंत किंवा त्याहून अधिक सुवासिक फुले दाटीने येतात. पाकळ्या पांढऱ्या असून त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असतात. पराग सुटे नसतात. ते गोळ्यांच्या रूपात एकगठ्ठा कीटकाच्या अंगाला चिकटतात.

फळ व बी : आंब्याचे फळ आठळीयुक्त असते. कोयीत एकच मोठे बी असते. त्यात रोपाला पुरेल इतके अन्न असते, पण कोय वाळली की काही आठवड्यांत बी मरते. अमरीचे फळ म्हणजे शुष्क बोंड. त्यात धुळीसारखी असंख्य बीजे असतात. त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसल्याने निसर्गात विशिष्ट कवकाची साथ मिळाली तरच ती रुजतात. साखरयुक्त माध्यमावर कवकाशिवाय अमरीचे बी रुजवता येते, हे लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवले. प्रयोगशाळेत अमरीची रोपे तयार करण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला. अमरींची फळे सहसा खाल्ली जात नाहीत. व्हॅनिलाची शेंग हा प्रसिद्ध अपवाद आहे.

अभिवृद्धी : हापूसच्या कोयीपासून उगवलेले झाड मूळ झाडासारखे निपजत नाही, म्हणून कलमे करतात. कोकणात कोय कलम आणि मृदकाष्ठ कलम या पद्धती रूढ आहेत. कलमाला सुमारे पाचव्या वर्षापासून फळे घेता येतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ व ‘सिंधू’ या जाती दिल्या आहेत. अमरीची बुंध्याशी आलेली, स्वतःची मुळे फुटलेली पिल्ले वेगळी करून लावतात; मोठ्या प्रमाणावर रोपे ऊतिसंवर्धनाने करतात.

आंब्याची निगा : पारंपरिक लागवडीत १० × १० मी. अंतरावर, १ मी. लांब, रुंद व खोल खड्ड्यांत कलमे लावतात. दहा वर्षांपुढच्या झाडाला कोकणात दरवर्षी शेणखताबरोबर १.५ किग्रॅ. नत्र, ०.५ किग्रॅ. स्फुरद व १ किग्रॅ. पालाश देण्याची शिफारस आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी विस्ताराखाली चर काढून हे खत घालतात. मोहरापूर्वी फळधारी झाडाला पाणी देत नाहीत, कारण त्याने मोहराऐवजी पालवी फुटते. फळधारणेनंतर मात्र दर पंधरवड्याला झाडामागे १५० ते २०० लि. पाणी तीन-चार वेळा दिल्यास फळगळ कमी होते. एक वर्षाआड येणाऱ्या पिकावर पॅक्लोब्युट्राझोल वापरतात. विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅ. क्रियाशील घटक असे त्याचे प्रमाण असून तो जुलै-ऑगस्टमध्ये मातीत देतात. तुडतुडे, भुरी, करपा, फळमाशी व खोडकिडा हे मुख्य शत्रू. हापूसमध्ये गर बिघडण्याची साका ही विकृतीही होते. दूरच्या बाजारासाठी फळे चौदा आणे तयार झाल्यावर देठासकट झेल्याने उतरवतात.

सीतेच्या वेणीची निगा : ही अमरी मातीत लावत नाहीत. लाकडी टोपलीत कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे घालून, किंवा थेट लाकडाच्या ओंडक्यावर बांधून ती वाढवतात. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी निम्मी सावली तिला मानवते. उन्हाळ्यात रोज सकाळी, हिवाळ्यात मुळे वाळल्यावर पाणी शिंपडतात; सततच्या पावसात वेगळे पाणी लागत नाही. शेंड्यात पाणी साचू देऊ नये, शेंडा कुजला की वाढ थांबते. वाढीच्या काळात विद्राव्य खत अगदी सौम्य करून, लिटरला सुमारे १ ग्रॅ., पंधरवड्याने फवारतात. मुळांजवळ शेणखताचा थर दिल्यास हवा कोंडते. गोगलगायी, खवले कीड व पिठ्या ढेकूण यांवर लक्ष ठेवावे लागते.

एकाच झाडावर दोन्ही : अमरी आंब्यावर बसवायची असल्यास पावसाळ्याच्या तोंडाशी सुतळीने किंवा काथ्याने मुळे सालीला टेकतील अशी बांधतात. मुळांनी पकड घेतली की बंध सोडतात. मोहराच्या वेळी आंब्याचे पाणी तोडले, तरी अमरीला वरून हलके शिंपण देता येते. ते मुळांपुरतेच असल्याने जमीन ओली होत नाही. आंब्याच्या बुंध्याला लावलेली बोर्डो पेस्ट आणि इतर ताम्रयुक्त औषधे अमरीच्या मुळांना अपायकारक ठरू शकतात, म्हणून असा भाग टाळावा. नियमित फवारणी होणाऱ्या हापूसच्या बागेपेक्षा परसातला रायवळ आंबा तिला अधिक सोयीचा.

आर्थिक महत्त्व व संरक्षण : २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. सीतेच्या वेणीला मागणी आहे ती शोभेची वनस्पती म्हणून. अमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण असून हे कुल त्याच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे. जंगलातून ओरबाडलेली झाडे घरी आणल्यावर मुळे तुटल्याने बहुधा जगत नाहीत. म्हणून रोपवाटिकेत वाढवलेली रोपेच घ्यावीत, आणि जुना आंबा तोडायची वेळ आल्यास त्यावरच्या अमरी सालीच्या तुकड्यासह काढून दुसऱ्या झाडावर बांधाव्यात.