गरोदरपणातील कोविड-१९

सार्स-कोव्ह-२ या विषाणूमुळे गर्भवतीला होणारा श्वसनमार्गाचा संसर्ग आणि त्याचे आई व बाळावर होणारे परिणाम. ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील अनुभवावर आधारित आहे.

दिवस गेलेल्या बाईत हा आजार बळावण्याचा धोका अधिक असतो. वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल वर सरकते. उच्छ्वासानंतर फुप्फुसांत उरणारी हवा सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते, आणि प्राणवायूची गरज मात्र जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढलेली असते. म्हणून बोटावरच्या यंत्रातला रक्तातील प्राणवायूचा आकडा ९५ टक्क्यांच्या खाली येऊ न देण्याचा कटाक्ष असतो. धाप लागलेल्या इतर रुग्णांना पालथे निजवत. पोट मोठे असलेल्या गर्भवतीला मात्र उशांचा आधार देऊन डाव्या कुशीवर ठेवावे लागे. ती उताणी निजली तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरतो.

मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातील १९ वैद्यकीय महाविद्यालयांच्या साथीने ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही चालवली. पहिल्या लाटेतील ४,२०३ बाधित गर्भवतींपैकी सुमारे १३ टक्क्यांनाच लक्षणे होती आणि ३४ दगावल्या. सर्वाधिक आढळलेली गुंतागुंत म्हणजे दिवस भरण्याआधी बाळंतपण (१६.३ टक्के), त्याखालोखाल उच्च रक्तदाबाचे विकार. ज्या माता गेल्या त्यांच्या बाबतीत रक्तक्षय, क्षयरोग व मधुमेह यांचा संबंध दिसला. यांतला रक्तक्षय हे आपल्याकडचे साथीआधीपासूनचे दुखणे, आणि वेळेवर तपासणी व लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर बहुतांशी टाळता येण्याजोगे.

दुसरी लाट क्रूर ठरली. मुंबईच्या नायर रुग्णालयात पहिल्या लाटेत ०.७ टक्के बाधित गर्भवतींचा मृत्यू झाला होता. दुसऱ्या लाटेत हे प्रमाण ५.७ टक्क्यांवर गेले. या लाटेत पसरलेल्या विषाणूच्या डेल्टा प्रकारात काही बायकांच्या वारेलाच इजा होऊन बाळ पोटात दगावल्याचे जगभर आढळले.

गर्भातच बाळाला लागण होणे विरळा. तरीही सुरुवातीला अनेक ठिकाणी जन्मताच बाळ आईपासून दूर ठेवले गेले, ही चूकच होती. मुखपट्टी लावून, हात धुऊन आईने अंगावर पाजावे, हाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता.

भारतात गर्भवतींना लस घेण्याची मुभा २ जुलै २०२१ रोजी मिळाली, म्हणजे दुसरी लाट ओसरत असताना. ती आधी मिळायला हवी होती. लसीमुळे आईचा गंभीर आजार टळतोच, शिवाय तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. हीच गोष्ट फ्लूच्या लसीची. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही. त्याचे संरक्षण आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतूनच होते.