‘लवकर’ म्हणजे नेमकं काय?

मंडळी, आपल्या धारूरकडे पोटदुखीची वाट ठरलेली आहे. आधी ओवा-सोडा, मग दुकानातली गोळी. वजन उतरू लागलं की अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, तिथून पुढे बार्शी नाहीतर मुंबई. कॅन्सर निघाला की नातेवाईक विचारतात, ‘लवकर सापडलाय ना?’ आज आपण या ‘लवकर’चा इतिहास पाहू.

29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात बिलरोथ यांनी जठराचा कॅन्सर झालेला भाग काढला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण त्या बाई चारेक महिन्यांतच गेल्या. रोग पसरलेला होता. पुढे शल्यविशारद जठराभोवतीच्या लसिका ग्रंथीही काढू लागले.

जपानमध्ये हा आजार फार. तिथल्या एन्डोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने 1962 मध्ये व्याख्या केली : जठराचं आतलं अस्तर आणि त्याला लागून असलेला खालचा थर, एवढ्यातच असलेला कॅन्सर तो ‘प्रारंभिक’, मग तो ग्रंथींत पोहोचलेला असो वा नसो. बघा, शब्द काळाचा आहे आणि मोजमाप खोलीचं! म्हणजे ‘लवकर’ सापडलेला रोगही पसरलेला असू शकतो. कारण त्या खालच्या थरात लसिकावाहिन्यांचं दाट जाळं असतं.

मग धोका किती? 2000 मध्ये गोतोदा आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या 5,265 रुग्णांचा हिशेब मांडला. रोग अस्तरापुरता असलेल्या 3,016 जणांपैकी 65 जणांच्या ग्रंथींत तो सापडला, म्हणजे सुमारे 2 टक्के. खालच्या थरात उतरलेल्या 2,249 पैकी 402, म्हणजे जवळजवळ 18 टक्के. अस्तरातच असलेल्या, 3 सेंटिमीटरपर्यंतच्या आणि पेशींची ठेवण फारशी न बिघडलेल्या 1,230 गाठींत मात्र एकाही रुग्णाच्या ग्रंथीत रोग नव्हता. अशा गाठी दुर्बिणीतूनच काढून जठर वाचवायला याचा भक्कम आधार मिळाला.

आता तर्कशास्त्र सांगेल, 1,230 मध्ये एकही नाही म्हणून 1,231 वा सुरक्षितच, असं सिद्ध होत नाही. खरं आहे. म्हणूनच काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि खोली जास्त निघाली तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करतात.

हे ज्ञान कुणाच्या जिवावर आलं, तेही आपण विसरू नये. ज्यांची जठरं गेली, त्यांच्या जपून ठेवलेल्या नोंदींनी पुढच्यांची वाचवली. आपल्या शेजारी बार्शीत 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, तिचं मोल यावरून कळावं. आणि डॉक्टरांसमोर बसलो की ‘लवकर आहे ना?’ एवढ्यावर थांबू नये. ‘किती खोल गेलाय?’ हेही विचारावं.