कुऱ्हाडबंदी कोणाच्या चुलीवर?

आदर्श गावाची पंचसूत्री आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते: श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. १९९२ साली राज्य सरकारने राळेगणसिद्धीच्या धर्तीवर आदर्श गाव योजना आणली आणि ही सूत्रे गावोगाव पोहोचली. त्यातून काही डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले, हे नाकारायचे कारण नाही. पण बंद झालेली कुऱ्हाड कोणाची होती, हे कुणी विचारत नाही.

वीस एकरवाल्याच्या बांधावर बाभळी असतात. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या घरच्याच. त्याला सरपणासाठी गायरानात जायची गरज नव्हती. भूमिहीन बौद्ध किंवा मातंग बाईची चूल मात्र तिथल्या काटक्यांवरच पेटायची. गोबर गॅस घ्यावा, तर दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. तिच्याकडे होती एक शेळी, आणि चराईबंदीने तीही विकायला लावली!

हे आजचे नाही. वतनाच्या काळात मुक्कामी आलेल्या अंमलदाराला सरपण पुरवणे, पाटलाच्या दारात लाकडे फोडणे हे महाराचे काम. लाकूड वाहायचे त्याने, रानावर हक्क मात्र नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच राबणुकीविरुद्ध. त्याआधी, १८७८ च्या वन कायद्यानंतर, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार मांडली होती. १९२७ च्या कायद्यातही ‘ग्रामवन’ होते, म्हणजे राखीव जंगल गावाच्या हाती देण्याची सोय.

पण गाव म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाला नव्हे, व्यक्तीला एकक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते उगाच नाही. ‘गावाने ठरवले’ या वाक्यात वस्ती कधीच नसते.

१९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली, तेव्हा खेड्यातले जळण हे एक उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात देशात अनेक ठिकाणी सामायिक जमिनीला कुंपण पडले आणि आत वाढलेली नीलगिरी बाजारात गेली. नीलगिरीचा पाला शेळीही खात नाही.

आपल्या माणसांनी गायरान कसायला घेतले म्हणून सरपण घटले, असा आरोप होतो. काही गावांत तो खराही आहे. पण ज्याला जमीनच दिली नाही, त्याने पोट आणि चूल यातून एकच निवडायचे, ही निवड त्याच्यावर लादली कोणी?

तुमच्या गावच्या कुऱ्हाडबंदीच्या ठरावावर वस्तीतल्या किती बायकांच्या सह्या-अंगठे आहेत, ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात सापडेल. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.