ऋषीचें कूळ आणि टेकडीची माती



नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. आजच्या माझ्या विषयांत एक नदी आहे, एक ऋषि आहे आणि कूळ शोधण्याचा खटाटोपही आहे. विषय आहे फ्रान्समधील एका लहानशा टेकडीचा व तिच्यावर होणाऱ्या तांबड्या द्राक्षमद्याचा. निवृत्त शाळामास्तरानें मद्याविषयीं बोलावें हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. मीं तें कधीं चाखलेलें नाहीं व चाखण्याची इच्छाही नाहीं. परंतु या टेकडीसंबंधीं एक खोटी हकीकत मीं पुष्कळ वर्षें वर्गांत खरी म्हणून सांगितली. ती दुरुस्त करण्याचें ऋण माझ्यावर आहे, तें आज फेडावें असा हेतु आहे.

फ्रान्सच्या आग्नेय भागांत ऱ्होन नदी लिओं शहरापासून दक्षिणेकडे भूमध्य समुद्रास जाते. लिओंच्या खालीं ऐशीं-नव्वद किलोमीटरांवर तिच्या डाव्या तीरावर तँ-लेर्मिताज नांवाचें छोटें गांव आहे. समोरच्या तीरावर तूर्नों. तँ गांवाच्या डोक्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली टेकडी म्हणजेच एर्मिताज. एर्मिताज या शब्दाचा अर्थ आश्रम, एकांतवासी पुरुषाची कुटी. साऱ्या टेकडीवरील द्राक्षांची लागवड मिळून सुमारें १३५ हेक्टर, म्हणजे साडेतीनशें एकरांच्या आंतच. आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याचें शिवारही याहून मोठें असतें. यांतील बराच मोठा भाग सिरा नांवाच्या काळ्या द्राक्षाचा; उरलेल्या भागांत मार्सान व रूसान हीं पांढरीं द्राक्षें होतात.

आश्रम हें नांव कां पडलें, याची दंतकथा अशी : दक्षिण फ्रान्समध्यें तेराव्या शतकाच्या आरंभीं ख्रिस्ती धर्मांतीलच एका पंथाविरुद्ध मोठें धर्मयुद्ध झालें. त्यांत लढलेला गास्पार द स्तेरँबेर नांवाचा सरदार रक्तपाताला विटला आणि राणीच्या परवानगीनें १२२४ सालीं या टेकडीवर येऊन राहिला. तेथें त्यानें एक देवघर बांधलें व द्राक्षें लाविलीं. टेकडीच्या माथ्यावर संत क्रिस्तोफाचें लहानसें मंदिर आजही आहे. परंतु या प्रदेशांतील द्राक्षविद्या त्या सरदाराहून पुष्कळ जुनी. थोड्या उत्तरेस असलेल्या व्हिएन्न नगराच्या मद्याचा उल्लेख पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें केलेला आहे.

या दंतकथेला पुढें दुसरी एक जोडली गेली. १८३१ सालीं जेम्स बझ्बी नांवाचा गृहस्थ ऑस्ट्रेलियासाठीं द्राक्षांच्या काड्या गोळा करीत येथें आला होता. त्याला स्थानिक लोकांनीं सांगितलें कीं, ही वेल टेकडीवरच्याच एका तापसानें इराणांतील शिराझहून आणिली. सिरा आणि शिराझ! नांवांतील साम्य पाहून कोणाचाही विश्वास बसावा. ऑस्ट्रेलियांत तर त्या द्राक्षाला पुढें शिराझ हेंच नांव पडलें.

मीही विश्वास ठेविला. भूगोलाच्या तासाला इराण आला, कीं मी सादी आणि हाफिज यांच्या त्या नगराचें वर्णन करीं आणि तेथून ही वेल फ्रान्सला कशी गेली तें रंगवून सांगें. कंटाळलेलीं मुलें ताठ होऊन बसत. मी निवृत्त झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त लिओंला गेला. तेथून त्यानें लिहिलें : “गुरुजी, आपण सांगितलेली शिराझची गोष्ट मीं येथें मोठ्या अभिमानानें सांगितली आणि माझेंच हसें झालें.” पत्र वाचून मला वाईट वाटलें. मुलानें शंका न घेतां जें घेतलें, तें मीं शंका न घेतां दिलें होतें.

खरी हकीकत अशी आहे : १९९८ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस व फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनीं द्राक्षांच्या जनुकांची तपासणी करून सिराचे आईबाप शोधून काढिले. आई माँद्यूझ ब्लांश नांवाचें पांढरें द्राक्ष, तें आल्प्सच्या बाजूच्या साव्हुआ प्रांतांतलें. बाप दुरेझा नांवाचें काळें द्राक्ष, तें नदीच्या पलीकडच्याच आर्देश प्रांतांतलें. दोघांनाही नांवलौकिक नाहीं. आज तीं क्वचितच आढळतात. ज्या कुळाचा शोध आम्हीं हजारों कोस दूर इराणांत केला, तें शेजारच्या डोंगरांत निघालें.

मग या टेकडीचें मोठेपण कशांत आहे? फ्रेंच लोक याला ‘तेरुआर’ म्हणतात. माती, खडक, उतार, ऊन, वारा आणि तेथील माणसांची रीत या साऱ्यांचा मिळून जो गुण पिकांत उतरतो, तो या एका शब्दांत येतो. आपल्या ‘खाण तशी माती’ या म्हणीच्या पोटांत हीच कल्पना आहे.

एर्मिताजची खाण खरोखर विशेष आहे. फार प्राचीन काळीं ऱ्होन नदी या टेकडीच्या पूर्वेकडून वाहत असे. पुढें तिनें कठीण खडक कापून पश्चिमेकडून वाट काढिली. त्यामुळें पश्चिम तीरावरील ग्रॅनाइटच्या डोंगराचा एक तुकडा पूर्व तीरावर एकटा राहिला. टेकडीच्या पश्चिम टोंकास, बेसार नांवाच्या भागांत, हा झिजलेला ग्रॅनाइट पायाखालीं भरड वाळूसारखा लागतो. मधल्या मेआल भागांत जुन्या नदीप्रवाहानें आणिलेले गोटे आहेत. पायथ्याच्या ग्रेफिय भागांत चिकणमाती अधिक. पूर्वेकडेही तसेंच, म्हणून तिकडे पांढरीं द्राक्षें बरीच. बेसारचा माल मद्याला बळ देतो आणि मेआलचा त्याला भरदारपणा देतो, असें तेथील द्राक्षकार सांगतात. कित्येक जण निरनिराळ्या भागांचें मद्य वेगवेगळें मुरवून मग एकत्र करितात.

दगडाची चव मुळांवाटे सरळ फळांत चढते, असें मात्र समजूं नये. तीही एक दंतकथाच होईल. माती काम करिते तें पाण्याच्या आणि उष्णतेच्या द्वारें. भरड जमिनींत पावसाचें पाणी थांबत नाहीं, म्हणून वेलीचीं मुळें खडकाच्या भेगांतून खोल जातात. फळ थोडें व लहान येतें, पण रसाला दाटपणा येतो. दक्षिणेचा उतार दिवसभर ऊन घेतो, दगडी बांध तें धरून ठेवितात आणि टेकडीचा माथा उत्तरेच्या मिस्त्राल वाऱ्याला कांहींसा अडवितो. तरीही वारा इतका, कीं वेली खुंटांना बांधून ठेवाव्या लागतात. जोराच्या पावसानें माती खालीं वाहून जाई, तेव्हां माणसें ती टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हां वर नेत. तेरुआर या शब्दांत या पाठींचाही वांटा आहे.

आतां या टेकडीच्या नांवाचा इतिहास ऐका. अठराव्या शतकांत तिची कीर्ति युरोपभर होती. पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थॉमस जेफर्सन १७८७ सालीं येथें येऊन गेला. परंतु त्याच काळीं एर्मिताजचीं पिपें पश्चिमेकडे बोर्दो येथें जात व तेथील फिक्या मद्याला बळ आणण्यासाठीं त्यांत मिसळलीं जात. या कृतीला ‘एर्मिताजे’ असें क्रियापदच पडलें होतें. लाफीत या प्रख्यात मळ्याचें १७९५ सालचें मद्य असें मिसळलेलें असून त्या वर्षीं सर्वांत अधिक पसंत पडलें, असें तेथील एका व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे. बळ टेकडीचें आणि नांव बोर्दोचें, असा हा व्यवहार होता.

त्यानंतर फिलॉक्सेरा आला. अमेरिकेंतून आलेल्या या सूक्ष्म किडीचीं चिन्हें १८६३ सालीं ऱ्होनच्या दक्षिण भागांत प्रथम दिसलीं. १८६८ सालीं माँपेलिएचे प्राध्यापक प्लांशों व त्यांचे सहकारी यांनीं मुळांवर बसणारी ती कीड ओळखिली; पण तोंवर उपाय हातीं नव्हता आणि फ्रान्सचे मळेच्या मळे वाळून गेले. अखेरीस अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचें कलम बांधण्याची युक्ति साधली, कारण त्या मुळांना कीड मारूं शकत नव्हती. एर्मिताजही असेंच पुन्हां उभें राहिलें. म्हणजे या वेलींत परदेशी कांहीं असेल तर तें इराणी बीज नव्हे. जमिनींत गाडलेलें, कोणाच्या दृष्टीस न पडणारें अमेरिकन मूळ होय!

१९३५ सालीं फ्रान्सनें कायदा करून ठराविक भूमीच्या मालालाच त्या भूमीचें नांव लावण्याचा अधिकार दिला. त्याखालीं १९३७ सालीं एर्मिताजच्या सीमा ठरल्या. ऑस्ट्रेलियांतील ग्रेंज नांवाच्या विख्यात मद्यापुढें ‘हर्मिटेज’ हा शब्द लावीत असत, तोही १९९० सालच्या मालापासून गळला. दुसऱ्यांस बळ पुरविणाऱ्या टेकडीला तिचें नांव अशा रीतीनें परत मिळालें.

आमच्या नाशिककडील मळ्यांतही शिराझ नांवानें हीच जात लाविली जाते, आणि नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे. वेल बाहेरची म्हणून कमीपणा नाहीं, आणि दूरच्या नगराचें नांव म्हणून मोठेपणाही नाहीं. ज्या मातींत ती वाढली व ज्यांनीं ती वाढविली, त्यांचें नांव तिला लागावें, इतकाच या टेकडीच्या इतिहासाचा बोध.

आपल्या घराण्याचें, गांवाचें, देवस्थानाचें मूळ दूर कोठें तरी वैभवांत सांपडावें अशी ओढ आपणां सर्वांना असते. मलाही होती, म्हणूनच ती गोष्ट मीं तपासली नाहीं. माझ्या वर्गांतून गेलेल्यांपैकीं कोणी हें भाषण ऐकत असेल, तर त्यानें आपल्या जुन्या वहींतील तो मजकूर खोडावा आणि आपल्या मुलांना खरी हकीकत सांगावी, एवढी माझी विनंति आहे.