‘अनरूली’ म्हणजे नेमकं काय? बेशिस्त, हुल्लडबाज की दंगेखोर?

समजा, जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणाच्या काठावर चार पर्यटक मोठ्याने गाणी लावून धिंगाणा घालतायत. कुणीतरी व्हिडीओ टाकला आणि इंग्रजीत लिहिलं, ‘अनरूली टूरिस्ट’. तोच व्हिडीओ मराठीत फिरताना मथळा झाला, ‘दंगेखोर पर्यटक’. अर्थ बदलला का? हो, चांगलाच बदलला.

शब्दाचा अर्थ काय?

‘रूल’ म्हणजे नियम. जो नियमाला जुमानत नाही, आवरता आवरत नाही, तो ‘अनरूली’. हे वागण्याचं वर्णन आहे, गुन्ह्याचं नाव नाही. म्हणूनच इंग्रजीत न बसणारे केससुद्धा ‘अनरूली’ असतात.

मराठीत काय म्हणायचं?

संदर्भ बघून शब्द निवडा. मुलासाठी ‘द्वाड’ किंवा ‘हूड’, गर्दीसाठी ‘बेशिस्त’ किंवा ‘अनावर’, पर्यटकांसाठी ‘हुल्लडबाज’.

‘दंगेखोर’ का नको?

कारण दंगा हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 191 नुसार, पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदा जमावाने बळाचा किंवा हिंसेचा वापर केला, तर तो दंगा. म्हणजे धरणावरच्या त्या चौघांचा कायद्याने दंगा होतच नाही!

मग ‘अनरूली’ला कायद्यात जागाच नाही?

आहे, विमानात. मार्च 2017 मध्ये पुणे-दिल्ली प्रवासानंतर उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारहाण केल्याचं प्रकरण देशभर गाजलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘अनरूली पॅसेंजर’साठी नवे नियम आले. त्यात गैरवर्तनाच्या तीन पातळ्या ठरल्या:

• शिवीगाळ, धमकीचे हावभाव: 3 महिन्यांपर्यंत विमानबंदी
• धक्काबुक्की, मारहाण, लैंगिक छळ: 6 महिन्यांपर्यंत
• जिवाला धोका होईल असं वर्तन: किमान 2 वर्षं

म्हणजे शिवीगाळ करणाराही ‘अनरूली’ आणि जिवावर उठणाराही ‘अनरूली’. त्यामुळे नुसता शब्द वाचून कुणी काय केलं ते कळत नाही.

लक्षात काय ठेवायचं?

कॅप्शन लिहिताना आधी कृती सांगा: आरडाओरडा केला, बाटल्या फोडल्या, की मारहाण केली? विशेषण नंतर. व्हिडीओतला चेहरा कुणाच्या तरी गावात ओळखीचा असतो. आपण चुकीचा शब्द लावला, तर हुल्लडबाज माणूस पाच मिनिटांत गुन्हेगार ठरतो.