पिकाचूचा नकार

१९८० साली जपानच्या नामको कंपनीने आणलेला पॅकमॅन म्हणजे तोंड उघडणारा एक पिवळा गोळा. स्वभाव वगैरे काही नाही. खेळणारा वळवेल तिकडे वळायचं. पण १९८२ मध्ये हॅना-बार्बेराने अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीसाठी त्याच्यावर कार्टून मालिका काढली. नुसत्या गोळ्यावर गोष्ट कशी चालणार? मग त्याला घर मिळालं, पेपर नावाची बायको मिळाली, बाळ मिळालं, आणि मेझमॅरॉन नावाचा एक दुष्ट शत्रूही.

मी कॉम्प्युटरवाला, मला यातली खरी गंमत पोकेमॉनमध्ये दिसते. १९९६ च्या मूळ गेममध्ये पकडलेला पोकेमॉन निमूट चेंडूत जातो, नियमच तो. १९९७ च्या मालिकेत मात्र पिकाचू चेंडूत जायला साफ नकार देतो! त्या हट्टातूनच पुढे त्याची आणि अ‍ॅशची मैत्री फुलते. मग गेमनेच मालिकेचं ऐकलं: १९९८ च्या 'पोकेमॉन यलो'मध्ये पिकाचू चेंडूबाहेर राहून खेळणाऱ्याच्या मागे चालू लागला.

गेममधलं पात्र आपलं ऐकतं, म्हणून ते हवंसं वाटतं. पण 'नाही' म्हणतं, तेव्हाच ते आपलं होतं. मुलांच्या बाबतीत तरी वेगळं काय असतं?